इकतचं रुखवत

शालनबाई, काल तुमच्या वर्षाच्या रुखवतावर आळ आला. भर कार्यालयात, सगळ्या बायकांसमोर, गडहिंग्लजच्या नव्या विहीणबाईंनी तुमचा कागदाचा माग उचलला, उलटा केला, बुडाकडून बघितला आणि जे बोलायचं ते बोलून मोकळ्या झाल्या. काय बोलल्या ते सांगायलाच तर मी बसलेय. पहाट व्हायला आली तरी केसातला गजरा अजून काढलेला नाही, पाय सुजलेत, घरात सगळे आडवे झालेत. पण ओळीनं सांगते. आधीच शेवट सांगितला तर तुम्ही म्हणाल, "काय वो मास्तरीणबाई, गणिताचं उत्तर आदी आन् रीत मागनं?"

लग्न ठरल्या तारखेलाच झालं. तुम्ही जाऊन फार दिवस झाले नाहीत, घर अजून सावरलेलं नाही, चार जण म्हणाले की पुढं ढकला. पण दवाखान्यात तुम्ही बजावलं होतं, "पोरीची तारीख हलवायची न्हाय. मी असू न्हायतर नसू." तुमचा शब्द ओलांडायची कबनूरच्या घरात कुणाची छाती आहे? कन्यादानाला संदीप आणि मृणाल बसले. तुमचा मुलगा, माझी मुलगी. मृणालनं वर्षाचा हात हातात घेतला आणि मी लांबून मनात म्हणत होते, सासूचं काम करतेयस पोरी, नीट कर. तिनं नीट केलं. तुमची सून म्हणून सांगत नाही, माझी मुलगी म्हणूनही सांगत नाही. खरंच नीट केलं.

आपली ओळखच मुळी भांडणानं झाली. त्याच दोघांच्या लग्नात मी मुलीची आई, तुम्ही मुलाची. त्याआधी आपण धड बोललोही नव्हतो. राजारामपुरीतल्या कार्यालयात मी रुखवत मांडलं होतं. लाडू, चकल्या, नटवलेले नारळ हे सगळे मांडतात तसंच. पण मधल्या टेबलावर माझं क्विलिंग होतं. कागदाच्या बोटभर लांब, काडीइतक्या अरुंद पट्ट्या सुईवर गुंडाळायच्या, ती वेटोळी चिमटीत दाबून कुणाची पाकळी, कुणाचा थेंब, कुणाचा डोळा करायचा आणि एकेक उभं चिकटवत त्यातून चित्र घडवायचं. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी मी त्यात घातली होती. शाळेच्या मुलांना भूमिती शिकवून जी काही शिस्त हाताला लागली होती ती सगळी त्यात ओतली होती. कोल्हापुरी साज केला होता, सनई-चौघडा केला होता आणि या सगळ्यांच्या मधोमध तुळशीवृंदावन.

तुम्ही आलात. मागं कबनूरच्या बायकांचा ताफा, हिरवी काठापदराची साडी, नाकात टपोरी नथ आणि आवाज असा की कार्यालयातला माइक बंद केला तरी चालेल. यंत्रमागांच्या खडखडाटात ज्यांचा जन्म गेला त्यांना हळू बोलताच येत नाही, हे मला पुढं कळलं. त्या दिवशी मात्र वाटलं, ही बाई मुद्दाम सगळ्यांना ऐकवतेय. तुम्ही वृंदावन उचललंत, उलटं केलंत, अंगठ्यानं त्याची कड चाचपलीत आणि जाहीर केलंत,

"हे इकतचं हाय."

माझ्या नणंदेनं मागून माझा पदर ओढला. मुलाकडच्या आहेत, गप्प बस. पण मी कसली गप्प बसतेय? मी म्हणाले, "विकतचं नाही. मी केलंय. प्रत्येक पट्टी माझ्या हातची आहे."

"व्हय? मग करून दावा की."

पंगत खोळंबली होती. वाढपी दोनदा डोकावून गेले. मी पैठणीचा पदर खोचला, डागडुजीसाठी ठेवलेली सुई पिशवीतून काढली, खुर्चीवर बसले आणि तुमच्या नाकासमोर एक जाईचं फूल करून तुमच्या तळहातावर ठेवलं. तुम्ही ते उजेडात धरलंत. फिरवून बघितलंत. सगळ्या बायका तुमच्या तोंडाकडे बघत होत्या.

"व्हय, हे तुमी केलासा," तुम्ही म्हणालात. "पर ते तिथलं इकतचंच हाय." आणि नथ सावरत जेवायला निघून गेलात.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते लेक सासरी चाललीय म्हणून, असं सगळ्यांना वाटलं. ते संतापाचं होतं. त्या दिवसापासून मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी होती. मानपान नको, साडी नको. तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं की ते वृंदावन घरचं होतं.

महिना झाला असेल नसेल, तुमचा फोन. "इहीणबाई, मी शिकलो." तुमच्याकडच्या बायका बोलतात तसं ते पुरुषी 'शिकलो', ठणठणीत. काय शिकलात म्हणून विचारलं तर, "तुमचं ते गुंडाळायचं. यिऊ का दावायला? संकष्टी हाय, सैपाकाची कटकट न्हाय." आणि दुपारी साडीचा एक खोका मांडीवर सांभाळत, आधी बस, मग रिक्षा असं करत तुम्ही माझ्या दारात. खोक्यात मोर. सुईऐवजी तुम्ही फणीतून धागा ओढायचा तुमच्या मागावरचा हुक वापरला होता आणि डिंकाऐवजी सुताला लावतात ती मैद्याची खळ. पट्ट्या थोड्या कमीजास्त रुंदीच्या होत्या, पण मोराची मान अगदी जिवंत वळली होती. ही बाई मला भारी पडणार, हे मला तेव्हाच कळलं. मी तोंडानं काय म्हणाले? "बरा आहे." शिक्षिकेची जात, पैकीच्या पैकी द्यायला हात धजत नाही.

पुढच्या संकष्टीला मी कबनूरला आले तेव्हा म्हटलं, मोर कुठं आहे, बघू दे परत. तुम्ही खोका उघडलात तर मोर होता, पिसारा गायब. खळीच्या वासानं झुरळांनी पंगत मांडली होती. मी पदर तोंडाला लावून हसायला लागले. तुम्ही शांतपणे झाकण लावलंत आणि म्हणालात, "पिसं झाडल्यात त्यानं. मोर पिसं झाडत न्हाय व्हय? तुमाला शेरातल्यास्नी काय म्हाईत असतंय." डिंकाची बाटली मात्र दुसऱ्याच दिवशी आणलीत, हे मला वर्षानं सांगितलं.

असं सुरू झालं. दर संकष्टीला एक विषय, एकदा तुमचा, एकदा माझा. एकदा माझ्याकडे राजारामपुरीत, एकदा तुमच्याकडे कबनूरला. दोघींनी तोच विषय करायचा आणि पुढच्या संकष्टीला समोरासमोर मांडायचा. पेन्सिलीची रेघ मारायची नाही. मांडेपर्यंत कुणाला दाखवायचं नाही. आणि एकमेकींच्या कामाला हात लावायचा नाही, हा नियम तुमचा, कारण मी तुमचा एक वाकडा हत्ती सरळ करायला गेले होते. परीक्षक म्हणून सुरुवातीला आपण आमच्या ह्यांना बसवलं. ते म्हणाले, "दोन्ही छान आहेत." त्या दिवशी दोन्ही विहिणींनी मिळून त्यांच्या ताटलीतला साबुदाणा वडा काढून घेतला. नंतर कुणी परीक्षक व्हायला तयारच झालं नाही. त्यामुळे निकाल कधी लागला नाही. दोघी आपापल्या परीनं जिंकायच्या आणि दुसरीला पटवत बसायच्या.

तुमची ती म्हैस आठवते? विषय तुमचाच होता. मला वाटलं सोपं आहे, काळा कागद, चार पाय. मी मोजूनमापून अशी म्हैस केली की पुस्तकात छापावी. तुम्ही बघितलीत आणि म्हणालात, "भाकड हाय." तुमची म्हैस बसली होती. रवंथ करत होती, एक कान माशीसाठी वळलेला, आणि कास अशी भरलेली की आत्ता बादली घेऊन बसावं. काळ्या कागदात काळीच म्हैस, तरी तिचं हाडन् हाड दिसत होतं. मी दोन दिवस तुमच्याशी फोनवर बोलले नाही.

मग मी सूड म्हणून विषय दिला रंकाळा. पाणी करणं कठीण, हे मला माहीत होतं. मी निळ्या, हिरव्या, करड्या पट्ट्यांच्या लाटा केल्या, तळ्यातला संध्यामठ केला, वर सांजेचा रंग. अजूनही सांगते, ते माझं सगळ्यात चांगलं काम आहे. तुम्ही काय आणलंत? भेळ. कागदाचा द्रोण, त्यात कुरमुऱ्यांच्या बारीक पांढऱ्या गोळ्या, कोथिंबीर, वर कांद्याच्या फोडी. मी म्हटलं, "अहो, तळं कुठंय?" तर म्हणालात, "रंकाळ्याला जाऊन कोण पानी बघतंय? मी तर भेळच खाल्ली." यावर आपण पुढचे तीन-चार महिने भांडलो. तुमच्या भेळेत पाण्याचा थेंब नव्हता, तो रंकाळा होऊ शकत नाही, हे माझं मत आजही कायम आहे. तुम्ही गेलात म्हणून मी काही ते बदलणार नाही.

पण खरं भांडण पट्ट्यांचं. मी बाजारातून कापलेल्या पट्ट्यांची पाकिटं आणायचे, एकसारख्या, रंगवार. तुम्ही लग्नपत्रिका कापायच्या. सगळ्या गल्लीतल्या जुन्या पत्रिका तुमच्याकडे यायच्या. गणपतीचं चित्र आणि देवांची नावं असलेला भाग आधी कापून वेगळा ठेवायच्या, तो गणपतीबरोबर पाण्यात सोडायचा. उरलेल्याला ब्लेड लावायचं. मी म्हणायचे, कशाला एवढा खटाटोप, मी देते की पाकिटं. आणि तुम्हाला तेवढंच हवं असायचं. "म्हंजे पट्ट्या इकतच्या! मग रुखवत इकतचंच झालं की वो. मी त्या दिशी काय खोटं बोललो?"

झालं. पुन्हा वृंदावन. कुठलंही भांडण तिथंच येऊन थांबायचं. किती वेळा मी समजावलं की पीठ विकत आणलं म्हणून भाकरी विकतची होते का? तुम्ही मान डोलवायच्या, वडा संपवायच्या आणि निघताना चपला घालताघालता दारातून ओरडायच्या, "इकतचंच!" खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यातले पेशंट वर बघायचे.

रागावून सांगतेय, पण शालनबाई, त्या दुपारींनी मला वाचवलं. निवृत्त झाल्यावर मी दुपारी झोपायला लागले होते आणि उठल्यावर कशाला उठलो असं वाटायला लागलं होतं. तुम्ही आलात आणि महिन्याला एक सामना लावून दिलात. भाजी निवडताना मी भोपळ्याची फोड वळते कशी ते बघायला लागले. बसमध्ये समोरच्या बाईच्या अंबाड्याची वेटोळी मोजायला लागले. आणि तुम्हाला यातून काय मिळत होतं ते मी एकदाच विचारलं होतं. तुम्ही चटकन म्हणालात, "जन्मभर कापड इनलं. एक वार बी घरात ऱ्हायलं न्हाय. हे कुटं जात न्हाय, ऱ्हातंय भितीवर." एवढं बोलून पुन्हा वेटोळं वळायला लागलात. तुमच्या घराच्या त्या भिंतीवर आज हाताएवढी जागा शिल्लक नाही.

वर्षाचं लग्न ठरलं तेव्हा तुमच्या अंगात वारं शिरलं. आता तुम्ही मुलीची आई. आता रुखवत तुमचं. "गडहिंग्लजकरांनी बघत ऱ्हायलं पायजे," तुम्ही म्हणालात आणि विषय जाहीर केलात. माग. आख्खा माग. चाकं, फणी, आडवा धागा नेणारा धोटा, उभ्या धाग्यांचं बीम आणि त्यावर अर्धं विणलेलं कापड. मी म्हटलं, "हे क्विलिंगमध्ये होणार नाही." तुम्ही म्हणालात, "म्हणून तर करायचं." हा विषय तुमच्या एकटीचा होता, मी फक्त बघायचं होतं.

अर्धा झाला आणि तुम्ही दवाखान्यात. शेवटचं भेटले तेव्हा नळ्या लावलेल्या होत्या, आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. इकडचं तिकडचं बोललो. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "शालनबाई, आता तरी सांगा. मृणालच्या रुखवताचं वृंदावन घरचं होतं की विकतचं?" तुम्ही डोळे मिटून हसलात. किती वेळ हसत होतात. नर्स म्हणाली, बोलू नका त्यांच्याशी. आणि मी उठले तेव्हा तुम्ही म्हणालात, "इकतचं."

तो तुमचा माझ्याशी बोललेला शेवटचा शब्द. मी जिन्यावर उभी राहून रडले आणि तुमचा राग राग केला. मरायला टेकली तरी बाई हट्ट सोडत नाही. असं मनात आलं, खोटं कशाला बोलू.

दिवसकार्य आटोपल्यावर वर्षानं साडीचा खोका माझ्या पुढ्यात ठेवला. आत अर्धा माग आणि पट्ट्यांची पिशवी. म्हणाली, "मावशी, तुम्हीच." मी म्हटलं, नियम आहे, एकमेकींच्या कामाला हात लावायचा नाही. तिनं खोका आणखी पुढं सरकवला आणि माझ्याकडे बघितलं. तुमचेच डोळे. मी खोका घरी नेला, तीन-चार दिवस कपाटावर ठेवला आणि मग नियम मोडला. नियम तुमचा होता, त्यामुळे भांडायला तुम्हालाच यावं लागलं असतं. या म्हटलं.

पण मला माग कुठं ठाऊक? तुमच्या घरी इतक्यांदा आले, मागच्या शेडमध्ये आवाज नको म्हणून कधी गेलेच नाही. आता गेले. कबनूरला तुमच्या मागांच्या पुढ्यात कागद घेऊन उभी राहिले. व्याही ओरडून ओरडून सांगत होते, हा धोटा, हे बीम, धागा इथनं येतोय, आणि मला अर्धं ऐकू येत होतं. धोटा डावीकडून उजवीकडे इतक्या जोरात जायचा की मान फिरवेपर्यंत परत. अशा तासाभरात माझं डोकं भणाणलं. आणि मग लाईट गेली.

सगळे माग एकदम थांबले. काय शांतता पसरली! कुठंतरी कोंबडी बोलत होती ते ऐकू आलं. वर्षा शेजारच्या मागावरचं कापड चाचपत होती. काठ सुरेख उतरला होता, एक गाठ नाही, एक धागा सुटलेला नाही. तिनं अंगठ्यानं कड दाबली, अगदी तुमच्यासारखी, आणि वडिलांना म्हणाली, "आप्पा, हे आपलं न्हवंच. मिलचं दिसतंय."

व्याह्यांचा चेहरा खुलला. मी म्हटलं, "अगं, असं काय म्हणतेस? त्यांच्या हातचं आहे."

"म्हणूनच की मावशी," ती म्हणाली. "आई असंच म्हणायची. कापडात चूक निघाली की 'घरातलं हाय, चालायचंच' म्हणायची. एखाद्या दिवशी लई भारी उतरलं की मग 'हे आपलं न्हवं, मिलचं हाय, इकतचं हाय.' त्याच्या वर तिच्याकडं शब्दच नव्हता. अख्ख्या जन्मात आप्पांना चार-पाच वेळाच मिळाला असेल."

मी मागाच्या लाकडाला धरून उभी राहिले. व्याही म्हणाले, "काय झालं वो? पानी देऊ का?" मी नको म्हणाले. मग इतक्या मोठ्यानं हसायला लागले की शेजारच्या शेडमधला माणूस बघायला आला. अहो शालनबाई! भर कार्यालयात, दोन गावांच्या बायकांसमोर, पहिल्याच भेटीत तुम्ही मला जो शब्द नवऱ्याला चार-पाच वेळाच दिलात तो दिलात, आणि मी तो वर्षानुवर्षं शिवी म्हणून सांभाळला! आणि तुम्हाला हे कळत होतं. तुम्हाला पक्कं कळत होतं की मला कळलेलं नाही. म्हणून तर प्रत्येक वेळी चपला घालताना ओरडायच्या. म्हणून तर दवाखान्यात इतकं हसलात. माझी सगळी गंमत बघितलीत आणि गुपित घेऊन निघून गेलात. लबाड बाई.

त्यानंतर मी माग असा काही केला की हात थांबेना. तुमच्या पिशवीत तळाशी अबोली रंगाच्या पट्ट्यांची जुडी होती, रिबिनीनं बांधलेली, एकही न वापरलेली. एक उलगडली तर आतल्या बाजूला छापील अक्षरं. 'मृणाल' मधला 'मृ' दिसला आणि मग पुढचं कळलं. आपल्या पोरांची पत्रिका होती. एवढ्या सामन्यांत कधी तिला ब्लेड लावलं नव्हतंत, या मागासाठी कापलीत. मागावरचं कापड त्याच पट्ट्यांचं केलं. उभ्या पट्ट्या ताणल्या, त्यातून आडव्या एक वर, एक खाली अशा ओवल्या, काठाला बारीक वेटोळी. माझ्या पाकिटांतली एकही पट्टी घेतली नाही. तुम्ही सुरू केलं तिथला तुमचा हात आणि पुढचा माझा, जोड कुठं आहे ते मलाही आता शोधून सापडत नाही.

आणि काल तो मधल्या टेबलावर ठेवला. मी मागं उभी राहिले, पहारेकऱ्यासारखी. बायका येत होत्या. "छान आहे." "सुरेख." "किती नाजूक!" माझा चेहरा पडत चालला. मृणाल म्हणाली, "आई, सगळे कौतुक करतायत, तुझं तोंड का असं?" तिला काय सांगू? मला छान नको होतं. मला एकच शब्द हवा होता, तुमच्यासाठी, आणि तो कुणी मागून मिळणार नव्हता.

मग गडहिंग्लजच्या विहीणबाई आल्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, बोलण्यात कानडीची झाक. त्यांनी सगळ्या लाडवांवरून नजर फिरवली, मागापाशी थांबल्या, उचलला, उलटा केला. मी टेबलाजवळ सरकले.

"अक्का, कुठनं आणलासा वो हे? पुण्यास्नं? हे काय घरात करून हुतंय व्हय. इकतचंच हाय की!"

शालनबाई, मी टाळी वाजवली. खरंच वाजवली, अक्षता पडल्यावर वाजवतात तशी. कबनूरच्या बायका चमकल्या, मग तुमच्या एका जावेला समजलं आणि तिनं पदर डोळ्यांना लावला आणि हसायला लागली. हिरव्या चुड्यातली वर्षा बायकांच्या घोळक्यातून वाट काढत आली, रडत आणि हसत, काजळ गालावर. बिचाऱ्या नव्या विहीणबाई घाबरल्या, त्यांना वाटलं काहीतरी चुकीचं बोललो. मी त्यांचा हात धरला आणि माग त्यांच्या हातातच पुन्हा उलटा करून दाखवला. "वाचा," म्हटलं. कापडाच्या खालच्या बाजूला तुकड्यातुकड्यांनी अक्षरं होती, कुठं 'मृ', कुठं 'दीप', कुठं अर्धवट 'शालन'. त्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि वर बघितलं.

"पट्टीसुदीक इकतची न्हाय," मी म्हणाले. माझ्या तोंडून तुमची बोली आपोआप आली. "वर्षाच्या आईनं केलाय. थोडा मी."

"खोटं," त्या म्हणाल्या.

"बसा. करून दावतो."

आणि पंगत पुन्हा खोळंबली. वाढपी पुन्हा डोकावले. मी पदर खोचला, तुमचा तो फणीचा हुक काढला, अबोली पट्टी काढली आणि त्यांच्या नाकासमोर एक जाईचं फूल केलं. त्यांनी ते तळहातावर घेतलं, उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "मला बी शिकवा की वो अक्का." मी हुक त्यांच्या हातात दिला. पहिलं वेटोळं सुटलं, दुसरंही सुटलं. तिसऱ्याला जमलं. त्यांनी ते मला दाखवलं आणि मी तोंड उघडलं तर नेहमीचं 'बरं आहे' येत होतं. ते गिळलं. चांगलं आहे म्हणाले, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

वर्षा गेली. गाडी सुटताना माग तिच्या मांडीवर होता, साडीच्या त्याच खोक्यात. मी निकाल सांगायचं लांबवतेय हे तुम्ही ओळखलंच असेल. इतकी वर्षं आपण परीक्षकाशिवाय भांडलो, दोघी आपापल्या घरी जिंकून जायच्या. भेळ अजून हरलेलीच आहे, ते सोडा. पण मोठ्या भांडणाचा निकाल आता लागला, आणि तो मी देतेय, कारण तुम्ही द्यायच्या त्याच मापानं द्यायला मला आता येतं.

माझं वृंदावन इकतचं होतं. आणि शालनबाई, तुमचा माग इकतचा आहे. अगदी इकतचा.